पाखडून ठेवलेला आवाज

धाकट्या दिराने वहिनीला ‘कोठारीण’ हे नाव ठेवलं ते चिडवायला. तिने मात्र ते पदवीसारखं मिरवलं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत तिचे डबे जमिनीपासून छतापर्यंत चढलेले. प्रत्येक डब्याला त्याची जागा होती आणि प्रत्येक जागेला काहीतरी कारण. नवीन धान्य आलं की आधी ताटात पसरायचं, खडे-काड्या वेचायच्या, पाखडायचं, मगच डब्यात. न निवडलेला दाणा आपल्या डब्यात सापडला तर आपण त्या दिवशी जेवणार नाही, असं ती अभिमानाने सांगे. शोधायला कोणी जात नसे, कारण ती जेवली नाही तर वाढणार कोण, हा प्रश्न होता.

देवावर तिची श्रद्धा होती, आणि देव नीटनेटका आहे यावर त्याहून जास्त. सकाळी हात जोडून ती मागणं मागे तेसुद्धा खण पाडून. आधी सासूबाईंची तब्येत, मग यजमानांचं चष्म्याचं दुकान, मग दिराला थोडी अक्कल, आणि उरलेल्या कोपऱ्यात स्वतःसाठी सहनशक्ती. शेवटचा खण रोज रिकामाच परत येतो, असं तिचं निरीक्षण होतं. बहुधा मागणाऱ्याची धाव तिथवर पोचेपर्यंत चहा उतू जायची वेळ होत असावी.

सासूबाईंची देवाशी बोलण्याची तऱ्हा अगदी उलटी. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणत, पण घर चालवणं त्यासाठी थांबत नसे. एक कडवं संपलं की त्याच पट्टीत, त्याच चालीत, “सूनबाई, दूध बघ.” पुढचं कडवं. मग, “तो नळ कोणी उघडा टाकलाय?” मग पुन्हा देव. देवाची स्तुती आणि सुनेचा उद्धार एकाच श्वासात होई. तिकडून कोठारीण दर वेळी ओरडे, “बघते हो,” आणि बघत नसे.

यजमानांनी कधीतरी हौसेने आवाज टिपायचं एक लहानसं यंत्र आणलं होतं. आणल्यावर त्यात टिपायचं काय हा प्रश्न पडला, म्हणून ते त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर आईशेजारी ठेवून दिलं. हौस टिकली, आणि बऱ्याच वर्षांच्या सकाळी टीव्हीला जोडलेल्या एका हार्ड डिस्कमध्ये जमा झाल्या. तिथेच घरचे सिनेमे, लग्नाचं चित्रण आणि दिराने आणलेल्या, कोणीच न पाहिलेल्या माहितीपटांचा ढीगही होता. टिपलेल्या त्या सकाळी पुन्हा कोणी ऐकल्या नव्हत्या. जितंजागतं माणूस रोज ऐकवत असताना यंत्रातलं कोण ऐकतंय?

मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा परत आली नाही. त्यांना सगळं कळे, डोळ्यांत ते दिसेही, पण शब्द आतच चाचपडत राहत, दार सापडत नसे. घरी स्पीच थेरपिस्ट बाई येऊ लागल्या. त्यांनी चित्रं दाखवली, अक्षरं दाखवली, आणि एक दिवस विचारलं, यांचा स्वतःचा जुना आवाज कुठे आहे का. यजमान उठले आणि त्यांनी डिस्कमधली एक सकाळ लावली.

सासूबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला आणि रडू आवरेना. पुढे रोज सकाळी तोच नेम झाला. थोड्या दिवसांनी त्यांचे ओठ हलू लागले. मग मध्येच एखाद्या ठिकाणी त्यांचा उजवा हात खुर्चीवरून उचलला जाई आणि घशातून ‘हं’ असा जोरदार हुंकार निघे. थेरपिस्ट बाई खूश झाल्या. हेच महिने मोलाचे आहेत, असं त्यांनी बजावलं. वाचा परत यायची असेल तर ती आत्ताच येईल, नंतर कठीण.

“रोज लावा,” त्या म्हणाल्या. “आणि काही बदलू नका.”

सगळ्यात जोरात मान कोठारणीने हलवली.

त्यानंतर काही दिवसांतच डिस्क टकटक करू लागली. सकाळ लागता लागता अडके, टीव्हीवर चक्र फिरत राही, सासूबाई हात उचलून तशाच थांबत. यजमानांनी घाबरून धाकट्या भावाला फोन लावला. हा दीर दुसऱ्या गावी एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरच्यांना शहाणपणा शिकवायची संधी सहसा सोडत नसे. डिस्क मरायला टेकली आहे, असं त्याने सांगितलं. आता एकेक डिस्क लटकवत बसू नका, घराच्या नेटवर्कवर एक साठवणीची पेटी बसवा, म्हणजे पुढच्या खोलीतला टीव्ही, आईच्या खोलीतला टॅबलेट, सगळे त्या एकाच ठिकाणाहून ऐकतील आणि बघतील. पेटी चार खणांची घ्या. आज दोनच खणांत डिस्क घाला, दोन रिकामे ठेवा. पुढे सामान वाढलं की नवी डिस्क सरकवायची, जुनं उपसायला नको.

यजमानांच्या डोळ्यांवर इथवर झापड आली होती. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा तो माणूस, पण डिस्कचे आकडे आले की त्याला सगळं अंधुक दिसे. कोठारणीने मात्र ‘खण’ हा शब्द ऐकला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. साठवण ही तिची जहागीर होती. तिथे चष्मेवाल्याचं काय काम?

पुढचे दिवस तिने दिराला सळो की पळो करून सोडलं. घरात दर वर्षी किती भर पडते, पाहुण्यांसाठी किती जागा राखायची, मोठा डबा एकच बरा की लहान दोन, सगळं तिने विचारलं. सिनेमे म्हणजे बटाटे, खाल्ले की संपले, त्यांना दोन-दोन डबे कशाला, आणि सासूबाईंचा आवाज म्हणजे बियाणं, ते कोरडं आणि वेगळं, अशी तिने विभागणी केली. दिरालाही ती पटली, हे त्याने नाइलाजाने कबूल केलं. तेवढ्यावर थांबली असती तर इज्जत राहिली असती. पण डबा जमिनीवर आपटला की धान्य खाली बसतं आणि वर जागा होते, तसं डिस्कचं काही करता येतं का, हेही तिने विचारलं. मग दीर म्हणाला की वहिनी, आपटून मात्र बघू नका.

पेटी आली. ती डब्यांच्या खोलीतच ठेवायची, साठवण साठवणीपाशी, असा तिचा हट्ट होता. तिथल्या पिठाच्या धुळीने पेटीचा श्वास कोंडेल हे दिराने समजावलं, तेव्हा ती बाहेरच्या बोळकांडीतल्या कपाटावर, राउटरशेजारी गेली. टीव्हीपर्यंत तार नेण्यासाठी यजमानांनी भिंतीला भोक पाडलं ते न्हाणीघरात निघालं. तिथे आता टॉवेलची खुंटी आहे. दुसरं भोक बरोबर पडलं.

सासूबाईंच्या सकाळी दोन्ही डिस्कवर सारख्याच राहतील अशी दिराने मांडणी करून दिली. एक मेली तर दुसरी असेल. “पण हा नुसता आरसा आहे, वहिनी,” त्याने सांगितलं. “तुम्ही दात पाडून घेतलात तर आरशातल्या बाईचाही पडतो. म्हणून एक तिसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात. माझ्याकडे पाठवा.”

आपल्या घरचा भरलेला डबा दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्यायचा, हे तिच्या तत्त्वात बसेना. तिने होय होय म्हणून वेळ मारून नेली. पेटीला जुन्या फायली आधी कशा होत्या त्याची आठवण ठेवायची एक सोयही होती, ती दिराने चालू करून ठेवली होती. ती जागा खाते असं पडद्यावर दिसताच कोठारणीने बंद केली. फुकट जेवणारी माणसं तिला ओळखू येत.

जुन्या डिस्कवरचं सामान पेटीत उतरलं, सासूबाईंच्या सकाळी सुद्धा, आणि इथे तिच्या अंगातली खरी कोठारीण जागी झाली. न निवडता डब्यात? तिला चैन पडेना.

तिच्या महिला मंडळाची देवाची गाणी टिपली जात, त्यातले शिंकणे-खाकरणे कापायला दिराने तिला पूर्वी शिकवलं होतं. ती दुपारी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपपुढे बसली आणि एकेक सकाळ ताटात पसरून निवडू लागली. खोकला गेला. दारावरची घंटा गेली. कुकरच्या शिट्या गेल्या. मग खरे खडे आले. “सूनबाई, दूध.” “सूनबाई, ते फडकं वाळत घालायचं की त्याचं लग्न लावायचंय?” “हिला कितीदा सांगितलं, झाकण.” देवाच्या नावाखालोखाल त्या प्रार्थनेत सर्वात जास्त वेळा सुनेचंच नाव होतं, आणि एकदाही कौतुकाने नाही. इतकी वर्षं हे सगळं टिपलं गेलं, साठवलं गेलं, आणि आता तर दोन-दोन प्रतींत.

जागा वाचते, असं तिने यजमानांना सांगितलं. वाचलेल्या त्या जागेत एका सिनेमाची नामावलीसुद्धा मावली नसती, हे दिराने नंतर हिशेब करून दाखवलं. देवाच्या नावात दुधाची भानगड नको, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि हे कारण तिला इतकं पवित्र वाटलं की ती आणखी जोमाने कापू लागली. तिसरं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही. आपली खरडपट्टी काळजीपूर्वक कापून टाकायला मिळणं, तेही सेवा म्हणून, हे सुख सगळ्या सुनांच्या नशिबी नसतं.

साफ केलेली प्रत्येक सकाळ तिने जुन्याच नावाने, जुन्याच जागी ठेवली. दोन्ही डिस्कवर ती इमानेइतबारे उतरली. पेटी विकणाऱ्या दुकानातल्या माणसाने जुनी डिस्क फेकून द्या म्हणून सांगितलं होतं. ती तिने बंद पडलेली विजेरी आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या असलेल्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशीपासून घरात स्वच्छ प्रार्थना वाजू लागली. न अडखळता, न खोकता, एका कडव्यामागे दुसरं, जणू सासूबाई कुठल्यातरी रिकाम्या घरात बसून म्हणत होत्या. कोठारीण दारात उभी राहून समाधानाने ऐकत होती. सासूबाईंचे ओठ थोडे हलले आणि थांबले. हात मांडीवरच राहिला. पुढच्या दिवशी ओठही हलले नाहीत. काही दिवसांनी आवाज लागताच त्या मान भिंतीकडे वळवू लागल्या.

आधी सगळ्यांनी औषधांना दोष दिला, मग हवेला. थेरपिस्ट बाईंनी चित्रं दाखवली तर सासूबाईंनी तीही हाताने बाजूला सारली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. यांनी प्रयत्न सोडला तर मी काही करू शकणार नाही, असं त्या पुढच्या खोलीत हळू आवाजात म्हणाल्या, आणि काय बदललं म्हणून विचारलं.

“काहीच नाही,” कोठारीण म्हणाली. “उलट सगळं साफ करून ठेवलंय.”

बाईंनी ऐकायला मागितलं. त्यांनी एक सकाळ अर्धी ऐकली, दुसरी थोडी ऐकली.

“यात त्या मधेमधे कोणाला तरी ओरडायच्या,” त्या म्हणाल्या. “ते कुठे गेलं?”

यजमानांनी चष्मा नाकावर खाली ओढून बायकोकडे पाहिलं. एरवी इतरांना नंबर काढून देणारा माणूस एकदाचा स्वतः स्पष्ट बघत होता.

बाईंनी शांतपणे समजावलं. प्रार्थना जिभेला पाठ असते, ती आपली आपण निघते, त्यात माणूस कोणाला काही सांगत नसतो. पण ओरडणं म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला हाक मारणं. तिथेच त्यांचा हात उठायचा, तिथेच हुंकार यायचा. शब्दाचं दार त्या तिथे शोधत होत्या.

कोठारणीला आधी हसू आलं. आपल्यावर डाफरण्यासाठी एका बाईची वाचा परत येऊ पाहत होती आणि आपण तिचे शब्द खडे म्हणून वेचून फेकले, हे इतकं तिला शोभणारं होतं की कोणी दुसरीने केलं असतं तर ती महिनाभर सांगत फिरली असती. मग बाईंचे ‘हेच महिने’ हे शब्द आठवले आणि हसू जागच्या जागी विरलं.

तिने दिराला फोन केला. त्याने आरसा विचारला, दोन्हीकडे सफाई झाली होती. जुन्या अवस्थांची आठवण विचारली, ती तिने बंद केली होती. तिसरी प्रत विचारली, ती पाठवलीच नव्हती. यावर दिराने टोमणासुद्धा मारला नाही, आणि त्यावरूनच प्रकरण किती बिघडलंय ते तिला कळलं.

“जुनी डिस्क तर फेकली असेल,” तो शेवटी म्हणाला.

“मी?” कोठारीण म्हणाली. “मी फेकेन काही?”

विजेरी आणि किल्ल्या बाजूला सारून तिने डिस्क बाहेर काढली. काहीही न फेकण्याच्या ज्या सवयीवरून घरादाराने तिची थट्टा केली होती, ती एकदाची कामाला येत होती. पण त्या आनंदात भलतीच फुशारकी मारायला नको, हे तिने स्वतःला बजावलं, कारण आत काय उरलंय हे अजून ठाऊक नव्हतं. बिघडलेल्या डिस्क उघडणाऱ्या दुकानातल्या बाईंनी ती कानाशी धरली, तोंड वाकडं केलं, आणि निघेल तेवढं निघेल म्हणाल्या.

ते दिवस तिने प्रार्थना केली, पण खण पाडायचं राहून गेलं. दुकान नाही, दिराची अक्कल नाही, सहनशक्ती तर नाहीच. माझ्या सासूबाईंनी मला एकदा ओरडावं, एवढंच ती म्हणत राहिली. असलं मागणं घेऊन येणारी सून देवालाही पहिल्यांदाच भेटली असावी, असं तिला वाटलं.

थोड्याच सकाळी निघाल्या, त्याही कुरतडलेल्या. कुठे सुरुवात नाही, कुठे मधेच आवाज तुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी त्यातली एक लावली. सासूबाईंनी सवयीने मान भिंतीकडे फिरवली. कोठारीण चहाचं तसंच टाकून दारात येऊन उभी राहिली. पहिलं कडवं झालं. मागे कुकर शिट्टी फुंकत होता, कोणीतरी दार आपटत होतं, आणि ती सगळी कचकच ती कान देऊन ऐकत होती. दुसरं कडवं झालं. मग तो खणखणीत आवाज त्याच पट्टीत म्हणाला, “सूनबाई, अगं—” आणि फाइल तिथेच तुटली. टीव्हीवर चक्र फिरत राहिलं.

सासूबाईंनी मान वळवली. हात खुर्चीवरून उचलला गेला. ओठ एकदा जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“दूध,” त्या म्हणाल्या.

यजमान धाडकन खाली बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला आणि करपलेला वास घरभर पसरला. कोठारीण दूध शेगडीवर ठेवून आली होती.

“दूध गेलं,” सासूबाई म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता, एकेक शब्द दगड उचलल्यासारखा बाहेर येत होता. “लक्ष... कुठं... तुझं?”

“बघते हो,” कोठारीण म्हणाली. हे उत्तरही तिने प्रत्येक सकाळमधून कापून टाकलं होतं. ती म्हणाली आणि जागची हलली नाही. शेगडी यजमानांनी जाऊन बंद केली.

सासूबाईंनी तुटलेलं वाक्य पुरं केलं, की त्यांना खरंच वास आला, यावर पुढे घरात बराच वाद झाला. दिराचं मत वासाच्या बाजूने, यजमानांचं वाक्याच्या. थेरपिस्ट बाईंना कुठलंही चालत होतं. कोठारणीने निकाल लावू दिला नाही. दोन्ही बाजूंनी दूध मात्र आपणच घालवलं, हे तिला मान्य होतं.

पेटीच्या तिसऱ्या खणात आता डिस्क आहे. रोजच्या सकाळी पुन्हा टिपल्या जातात आणि त्यातला एक शब्द कोणी कापत नाही. आठवण ठेवायची सोय चालू आहे, किती का खाईना. एक प्रत दिराच्या घरी पोचली. ती मिळाल्याचं कळवताना त्याने विचारलं की यातल्या एका फोल्डरला ‘खडे’ असं नाव का आहे. तिने सांगितलं की ते बियाणं आहे, नीट ठेवा, आणि आपटू नका.

सासूबाई अजून अडखळतात. गोड बोलायला लागलं तर शब्द सापडत नाहीत, ओरडायचं असलं की बऱ्यापैकी सापडतात. परवा त्या काठी टेकत बोळकांडीत आल्या, कपाटावर लुकलुकणाऱ्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग तिच्यावरून बोट फिरवून त्यांनी ते सुनेच्या डोळ्यांपुढे धरलं.

“धूळ,” त्या म्हणाल्या. “डबा... पुसत नाहीस.”

कोठारीण फडकं आणायला निघाली, आणि वाटेत विसरली.